छंदाला रियाज हवा का?

नोकरी, दुकान, संसार सांभाळून कुणी पेटी शिकतं, कुणी चाळिशी उलटल्यावर तबल्याच्या क्लासला जातं, कुणी रात्री विज्ञानाची पुस्तकं घेऊन बसतं. अशा माणसांना दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, करायचं तर नीट करा, नाहीतर त्या विद्येला हात लावू नका. दुसरा म्हणतो, आनंद मिळतोय ना, मग झालं. मला हे दोन्ही सल्ले अपुरे वाटतात. का, ते दोन माणसांच्या बोलण्यातून मांडतो. मामा मिरजेचे, हयात तबला शिकवण्यात गेली. भाची सांगलीत औषधांचं दुकान चालवते. रात्री दुकान बंद केलं की पेटी काढते आणि झोपण्यापूर्वी विज्ञानावरचं काही ना काही वाचते. दोघांचा एकमेकांवर जीव आहे, म्हणून दोघंही स्पष्ट बोलतात.

मामा : परवा तुझा यमन ऐकला. बोटं बरी फिरतात. पण समेच्या अलीकडे तू दरवेळी घाई करतेस. सुरुवातीला सांगितलं होतं, अजून तेच आहे.

भाची : खरं आहे, मामा. मलाही कळतं ते.

मामा : कळतं, मग जात का नाही? रोज तासभर नुसत्या लयीवर बसलीस तर निघून जाईल. पण तुझा तो तास पुस्तकांत जातो. आज कृष्णविवरं, उद्या जनुकं, परवा आणखी काही. एक ना धड, भाराभर चिंध्या.

भाची : दिवसभर मी दुसऱ्यांच्या गरजेची कामं करते. त्यानंतरचा तास कशात घालवायचा, हे मला ठरवू द्या की.

मामा : ठरव. पण गाणं-वाजवणं हे वेळ घालवायचं साधन नाही. माझ्या गुरूंकडे ‘ना’ चाटेवर स्वच्छ वाजेपर्यंत पुढचा बोल मिळत नसे. आम्ही कंटाळायचो, रडकुंडीला यायचो. ते म्हणायचे, विद्या तुझ्या सोयीने येत नसते. तुझ्या दुकानात तू अर्ध्या माहितीवर कुणाला गोळी देतेस का?

भाची : नाही देत. चूक झाली तर दुसऱ्याच्या जिवावर बेतेल. पण माझा यमन चुकला तर कुणाच्या जिवावर बेततं?

मामा : यमनाच्या.

भाची : हे नाही पटत. घरोघर लोक यमन चुकत-माकत वाजवत आले, गात आले, तरी यमन शाबूत आहे. उलट तो घराघरांत होता म्हणून त्याला श्रोते मिळाले. मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मैफली होतात, तिथे रात्र रात्र बसणारे सगळे विशारद असतात का? त्यांत कुणी तंतुवाद्यं बनवणारा असतो, कुणी शिक्षक, कुणी दिवसभर दुकानात उभा राहून आलेला. त्यांतले कितीतरी जण घरी थोडंफार गातात, वाजवतात. गवयाने एखादी अवघड जागा घेतली की ती अवघड का, हे त्यांना चटकन कळतं, कारण तिथे ते स्वतः अडखळलेले असतात.

मामा : तानसेन नाही तर नाही, कानसेन व्हावं, असंच ना? पण कान तयार व्हायला वाजवलंच पाहिजे असं नाही. लक्ष देऊन ऐकलं तरी होतो.

भाची : माझा नाही झाला. पेटीचंच घ्या. तिचा शुद्ध गंधार चढा असतो, हे मी शंभरदा ऐकलं होतं. पण कानाला काही जाणवत नव्हतं. मग एका पुस्तकात तारेच्या कंपनांबद्दल वाचलं. तार एकाच सुरात वाजत नाही. मूळ कंपनांच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वेगाची कंपनंही त्याच वेळी चालू असतात. षड्जाच्या तारेतलं ते पाचपट कंपन म्हणजे दोन सप्तकं वरचा गंधार.

मामा : तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार. जवारी नीट लागली असेल, सुताचा दोरा नेमक्या जागी सरकवला असेल, तर तो आपोआप बोलतो.

भाची : तोच. मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. षड्ज सेकंदाला 240 कंपनांचा धरला. त्याची पाचपट 1200. दोन सप्तकं खाली आणली की गंधार येतो बरोबर 300. हा तानपुऱ्याचा गंधार. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. त्या हिशोबाने गंधार येतो साधारण 302.4. फरक अडीच कंपनांचाही नाही. पण पेटीच्या गंधारातलं चौपट कंपन जातं 1209 च्या पुढे, आणि तानपुऱ्यात त्याच जागी 1200 वाजत असतं. दोन्ही एकत्र ऐकले की सेकंदाला नऊ-दहा वेळा आवाज फुगायला आणि विरायला हवा. हिशोब संपवला, तानपुरा लावला, पेटीचा षड्ज त्याला जुळवून घेतला आणि गंधाराची पट्टी दाबून धरली. तो थरार मला ऐकू आला, मामा. इतकी वर्षं तो तिथेच होता.

मामा : माझ्या गुरूंनी हे एका वाक्यात सांगितलं होतं. आकाशवाणीनेही असल्याच आक्षेपांवरून 1940 पासून 1971 पर्यंत पेटी बाहेर ठेवली होती. तुला मात्र गणित मांडावं लागलं.

भाची : लागलं. तुमच्या कानाला लहानपणी जे मिळालं, ते मला या वाटेने मिळालं. तुम्ही म्हणता पुस्तकं माझ्या वाजवण्याचा वेळ खातात. मला तर पुस्तकाने पेटीकडे पाठवलं आणि पेटीने पुन्हा पुस्तकाकडे.

मामा : बरं, गंधाराचं मान्य. पण त्याने तुझी लय सुधारली का? तबल्याचा नाद असा का येतो, हे कळल्याने कुणाचा ‘ना’ सुधारत नाही. तो हाताने सुधारतो.

भाची : हात सुधारत नाही, हे खरंच. पण तबल्याचं निघालंच आहे तर सांगते. तुमच्या शाईबद्दल जे वाचलं, ते मला अजून नवल वाटतं. साध्या ताणलेल्या चामड्याची कंपनं एकमेकांशी पूर्णांकात जुळत नाहीत. मूळ कंपन एक धरलं तर पुढची 1.59 पट, 2.14 पट, 2.30 पट अशी आडवीतिडवी येतात. म्हणून बहुतेक ढोलांचा दणका ऐकू येतो, पण त्यातून पक्का सूर लागत नाही. तबल्याच्या पुडीवर मधोमध शाईचा जाड थर आला की ही कंपनं सरकतात आणि दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशी ओळीने बसतात.

मामा : शाई बसवणाऱ्याला हे आकडे माहीत नसतात. लोहकीस आणि खळ यांचा लेप तो पातळ पातळ थरांनी देतो, प्रत्येक थर दगडाने घोटतो, बारीक भेगा पडू देतो. मधूनमधून बोटाने ठोकून ऐकतो. थर जास्त झाला तर आवाज बसतो, कमी झाला तर पुडी पोकळ बोलते. हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांचं आहे.

भाची : म्हणूनच तर भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांना ते अभ्यासावंसं वाटलं. 1920 साली त्यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर ‘नेचर’मध्ये यावर टिपण छापलं आणि 1934 साली सविस्तर लिहिलं. पुडीवर बारीक वाळू पसरायची, ठरलेल्या जागी बोट टेकवून आघात करायचा. चामडं जिथे हलत नाही, तिथे वाळू गोळा होते आणि रेघा दिसतात. अशा कंपनांच्या नऊ तऱ्हा त्यांना सापडल्या, आणि त्या नऊच्या नऊ पाच सुरांत गोळा झालेल्या होत्या. तुम्ही ‘ना’ वाजवताना शाईच्या कडेला अनामिका टेकवता ना? तिच्यामुळे मूळ कंपन दबतं आणि वरचं मोकळं वाजतं. तुमच्या बोटाला हे ठाऊकच होतं. मला ते का होतं, ते कळलं. दोन्ही कळण्यांत आनंद आहे, आणि दुसऱ्याने पहिल्याचं काही हिरावून घेतलं नाही. उलट आता मी तुमच्या अनामिकेकडे बघत बसते.

मामा : पण तू उदाहरण कुणाचं देतेस? रामन! पुढे नोबेल मिळालेला माणूस.

भाची : 1907 पासून दहा वर्षं ते वित्त खात्यात नोकरी करत होते, त्यातली बरीचशी कलकत्त्यात. तिथे कचेरीच्या आधी आणि कचेरी सुटल्यावर ते बहुबाजार रस्त्यावरच्या विज्ञान संस्थेत जाऊन प्रयोग करत. वाद्यांच्या तारांवरचं त्यांचं काम त्याच दिवसांत सुरू झालं.

मामा : मग मी तुला आपल्या सांगलीचं उदाहरण देतो. कृष्णाजी बल्लाळ देवल. निवृत्त डेप्युटी कलेक्टर, संगीत हा छंद. सप्तकातल्या बावीस श्रुती, म्हणजे सूक्ष्म स्वर, नेमक्या कुठे आहेत, हे मोजायचं त्यांनी मनावर घेतलं. अब्दुल करीम खाँसाहेबांची साथ मिळाली, क्लेमंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश मिळाले. 1910 साली पुस्तक काढलं, श्रुतींची खास पेटीही तयार झाली. आणि पुढे? 1916 साली बडोद्याला संगीत परिषद भरली, तिथे श्रुतींवरून वाद झडला. ती पेटी काही सर्वमान्य झाली नाही. गवयाचा गंधार रागाप्रमाणे, जागेप्रमाणे हलतो. पट्टीत तो कसा मावणार? हौशी माणूस मोजायला बसला की आकडे जुळतात आणि गाणं निसटतं.

भाची : त्या परिषदेमागे कोण होते? भातखंडे. त्यांचा व्यवसाय वकिलीचा.

मामा : भातखंड्यांनी वकिली सोडली आणि उरलेलं आयुष्य संगीताला दिलं. देशभर हिंडून, उस्तादांच्या विनवण्या करून चिजा जमवल्या. त्याला छंद म्हणत नाहीत.

भाची : सुरुवात छंदानेच झाली होती. आणि देवलांचं उत्तर टिकलं नाही असं धरलं, तरी त्यांचा प्रश्न टिकला. गाणारा माणूस सूर नेमका कुठे ठेवतो, हे मोजून बघता येतं, आज लोक ते संगणकावर बघतात. निवृत्तीनंतरचा निवांतपणा त्यांनी या प्रश्नाला दिला. मला ते आयुष्य वाया गेलेलं वाटत नाही.

मामा : मलाही नाही वाटत. पण नीट बघ, यात मुद्दा माझाच आहे. देवल घरात बसून स्वतःशीच खूश झाले नाहीत. गवयांपुढे, विद्वानांपुढे आपलं म्हणणं घेऊन गेले. चूक ठरायची तयारी ठेवली. तुझ्या छंदात चूक ठरायची सोय कुठे आहे? तू एकटी वाजवतेस, एकटी वाचतेस. यमनाची लय धावली तरी कुणी थांबवत नाही. पुस्तकातलं चुकीचं समजलं तरी कुणी विचारत नाही. आनंद तर दोन्हीकडे सारखाच मिळतो. मग खऱ्या कळण्याचा आनंद आणि कळल्याच्या भासाचा आनंद यांतला फरक तुला कसा कळणार?

भाची : हा प्रश्न मात्र रास्त आहे. याला लगेच उत्तर देता येणार नाही.

मामा : दे, वेळ घे. मला पुस्तकांचीच जास्त भीती वाटते. बेसूर वाजवलं तर निदान शेजाऱ्याला कळतं. सोपं करून लिहिलेलं विज्ञान वाचून माणसाला वाटतं, आपल्याला विश्व कळलं. गणित नाही, प्रयोग नाही, नुसत्या गोष्टी. कृष्णविवर म्हणे जवळचं सगळं गिळत सुटतं.

भाची : तसं नाही ते. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं, तर पृथ्वी आज फिरते त्याच कक्षेत फिरत राहील. अंधार होईल, थंडी पडेल, पण ती ओढली जाणार नाही. लांबवरचं गुरुत्वाकर्षण वस्तुमानावर आणि अंतरावर ठरतं, आणि ती दोन्ही बदललेली नाहीत. बघा, हे मला चांगल्या पुस्तकानेच सांगितलं. वाईट पुस्तकं गिळण्याच्या गोष्टी सांगतात, चांगली पुस्तकं त्या गोष्टी दुरुस्त करतात. बेसूर गाणारे आहेत म्हणून आपण गाणं ऐकायचं सोडत नाही.

मामा : चांगलं कोणतं हे ओळखायला तरी आधी काही यायला हवं.

भाची : हवं, आणि वाचता वाचता ते येतं. जयंत नारळीकरांचंच बघा. कोल्हापुरात जन्म, केंब्रिजला संशोधन, पुढे पुण्यात आयुकासारखी संस्था उभी केली. त्या माणसाला मराठीत विज्ञान लिहायची गरज नव्हती, त्यांचं नाव जगात झालं होतं. तरी ते आयुष्यभर लिहीत राहिले. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली होती, म्हणजे मोठ्या नावाचं वजन पडू नये. कथेचं नाव ‘कृष्णविवर’. तिला पहिलं बक्षीस मिळालं. मोठा संशोधक असा साध्या वाचकाच्या दारी येतो तेव्हा तो विज्ञान पातळ करत नसतो. समोरचा माणूस हे समजून घेण्याच्या लायकीचा आहे, असं तो मानत असतो. मला पेटीची पहिली पट्टी तुम्हीच दाखवलीत, तेव्हा तुम्हीही माझ्याबद्दल हेच मानलं होतं.

मामा : मी तुला शिकवलं ते तू शिकशील म्हणून.

भाची : मोठी कलाकार होईन म्हणून नाही ना? मग झालं तर. आता तुमच्या प्रश्नाकडे येते. जेन मार्सेट नावाच्या एका इंग्रज बाईंनी 1806 साली रसायनशास्त्रावर एक पुस्तक लिहिलं, सगळं संवादांत. एक शिक्षिका आणि तिच्या दोन शिष्या, प्रश्न विचारणाऱ्या, शंका काढणाऱ्या. मार्सेटबाई स्वतः डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाची व्याख्यानं ऐकायला जायच्या. पण एका मित्राबरोबर चर्चा करून, प्रयोग पुन्हा करून पाहिल्यावरच त्यांना ती नीट उमगली. त्यातून पुस्तक झालं. ते बांधणीला आलं लंडनच्या एका दुकानात, जिथे मायकेल फॅरेडे नावाचा मुलगा पुस्तकं बांधायचं काम शिकत होता.

मामा : आणि तो पुढे मोठा शास्त्रज्ञ फॅरेडे झाला. बघ, पुन्हा मोठं उदाहरण.

भाची : त्याच्या मोठेपणासाठी मी ते देत नाहीये. त्या पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. वाचणारे हजारो होते, आणि त्यांतला फॅरेडे एकच. बाकीच्यांसाठी ते पुस्तक व्यर्थ होतं का? मेणबत्ती का जळते, पाणी कशाचं बनतं, हे कळल्यावर त्यांच्या रोजच्या जगण्यातली एखादी तरी गोष्ट उजळली असेल. मी त्या बाकीच्यांच्या बाजूने बोलते आहे. छंदाची किंमत त्यातून निघालेल्या एखाद्या फॅरेडेवरून केली, तर आम्हा सगळ्यांना आपण वाया गेलो असंच वाटत राहील.

मामा : आणि चूक ठरायची सोय?

भाची : तीही फॅरेडेकडूनच घेते. पुस्तकात वाचलेलं खरं आहे का, हे तो आपल्या ऐपतीतले छोटे प्रयोग करून पडताळायचा. ते खरं निघालं म्हणून पुस्तकावर त्याचा विश्वास बसला. एवढं मला जमण्यासारखं आहे. गंधाराच्या वेळी मी नकळत तेच केलं. आधी आकडा काढला, मग कानाने तपासला. थरार ऐकू आला नसता तर माझा हिशोब चुकला होता किंवा माझा कान, आणि ते मला शोधावं लागलं असतं. पण बाकी वाचलेलं मी असं तपासत नाही. आणि लयीच्या बाबतीत तर मी पळवाटच काढते. ठेका लावून वाजवलं की धावणं उघडं पडतं, म्हणून मी ठेक्याशिवाय वाजवते.

मामा : हे तुझं तू बोललीस, बरं झालं. बघ, मी तुला परीक्षेला बस म्हणतो ते प्रमाणपत्रासाठी नाही. कुणीतरी कान देऊन ऐकावं आणि चूक दाखवावी म्हणून.

भाची : पण परीक्षेचं काय होतं तेही आपण बघतो. ठरलेले राग, ठरलेल्या ताना, निकाल लागला की पेटीवर कापड. पुष्कळ मुलं विशारद होतात आणि वाजवायचं सोडून देतात. मला पेटी सत्तरीतही वाजवायची आहे. मला परीक्षा नको, पारख हवी. जो ठेका धरेल, चुकले तिथे थांबवेल आणि पुन्हा सुरू करायला लावेल, असं कुणीतरी हवं. वाचलेल्या गोष्टीवर ‘कशावरून?’ असं विचारणारंही कुणीतरी हवं.

मामा : लयीसाठी मी आहे. दर रविवारी ये. मध्यलय त्रिताल धरतो, तू गत वाजव. धावलीस की थांबवणार. दहादा थांबवलं तरी रागवायचं नाही.

भाची : नाही रागावणार. आणि पुस्तकांसाठीही तुम्हीच.

मामा : मला काय कळतं त्यातलं?

भाची : म्हणूनच तुम्ही. तुम्हाला सांगताना ज्या वाक्यावर मी अडखळेन, ते मला कळलेलं नसेल. आज शाईबद्दल बोलताना तुम्ही लेप, थर, भेगा सांगितल्या. त्या भेगांचं काम काय, हे मी वाचलं आहे का, समजलं आहे का, हे मला आता बघावं लागेल.

मामा : भेगा नसतील तर सगळी शाई एकच कडक चकती होईल आणि पुडी वाकणार नाही. माझा तरी समज असा आहे. तुझ्या पुस्तकात काय आहे ते मला सांग. जुनी पुडी पडली आहे माझ्याकडे, तिच्यावर तुझी ती वाळूही पसरून पाहू. अनामिका टेकवल्यावर रेघ कुठे उमटते, ते मला बघायचं आहे. एक मात्र अजून मान्य नाही. आनंद वाटतो म्हणून करायचं, हे मला शेवटचं कारण वाटत नाही. विद्या आपल्याहून मोठी असते, तिच्यासाठी थोडं झिजावं लागतं.

भाची : आणि मला अजूनही वाटतं की आनंद नसेल तर ते झिजणं टिकत नाही. तुमच्या गुरूंनी तुम्हाला एकाच बोलावर रडवलं, पण तुम्ही टिकलात ते त्या ‘ना’चा नाद तुम्हाला आवडला म्हणून. नुसत्या धाकाने माणूस आयुष्यभर वाजवत नाही.

मामा : आवडला होता. अजून आवडतो. ठीक आहे, परीक्षेला बस असं आता म्हणणार नाही. पण रविवार चुकवलास तर विचारणार.

भाची : विचाराच. विचारणारं कुणी नसेल तर माझा छंद नुसती करमणूक होऊन बसेल, एवढं तुमचं म्हणणं मी आज पदरात घेतलं.